ट्रेंट रेझनर सिनेमात गेला आणि संपला? मला नाही पटत

जालन्याचा_भोंगा
काल आमच्या ग्रुपवर एक जण ठासून म्हणाला, नाइन इंच नेल्स या अमेरिकन रॉक बँडचा रेझनर सिनेमाला संगीत द्यायला लागला तिथंच संपला.

ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्यासाठी: पेनसिल्व्हेनियातल्या मर्सर गावचा पोरगा. क्लीव्हलंडच्या एका स्टुडिओत साफसफाई करायचा आणि स्टुडिओ रिकामा सापडला की स्वतःचे डेमो उरकून घ्यायचा. त्यातून १९८९ चा 'प्रिटी हेट मशीन' हा अल्बम निघाला, मग १९९४ चा 'द डाउनवर्ड स्पायरल'. सिंथेसायझर, कर्कश गिटार, कारखान्यातले वाटावेत असे ठोके आणि वर स्वतःलाच सोलून काढणारा गळा. २०१० ला जोडीदार संगीतकार ॲटिकस रॉससोबत दिग्दर्शक डेव्हिड फिंचरच्या 'द सोशल नेटवर्क' या फेसबुक काढणाऱ्या पोराच्या सिनेमाला संगीत दिलं, पुढच्या वर्षी ऑस्कर. २०२१ मध्ये 'सोल'साठी जॉन बटिस्टसह दुसरं.

त्यानं ओरडणं सोडलं, पण ते दमला म्हणून नव्हे. न ओरडताही घाबरवता येतं हे त्याला उमगलं. 'सोशल नेटवर्क'मध्ये पियानोची एक साधी धून तीनदा येते. दर वेळी मायक्रोफोन पियानोपासून आणखी लांब. सूर तेच, पण पोरगा माणसांतून उठत चाललाय हे कानाला कळतं. तरुणपणी एवढं सांगायला त्यानं अख्खा अल्बम खर्ची घातला असता.

गोदाकाठ_नांदेड
छान लिहिलंय, पण सिनेमाचं संगीत म्हणजे शेवटी दुसऱ्याच्या वरातीत वाजवणं. मालक म्हणेल तिथं थांबायचं. त्याचं 'हर्ट' हे गाणं २००२ मध्ये कंट्री गायक जॉनी कॅशनं गायलं आणि कित्येकांना ते कॅशचंच वाटायला लागलं, इतकं ते गाणं अस्सल होतं. त्यानं संगीत दिलेल्या 'चॅलेंजर्स' सिनेमातलं टेक्नो, म्हणजे नुसता मशीनचा ठेका, कोण गाऊन दाखवणार? टेनिसच्या मॅचला जोर आणतं, मान्य. पण त्यात तो कुठंय?

जालन्याचा_भोंगा
मग नाइन इंच नेल्सचा 'घोस्ट्स' अल्बम कुठं ठेवायचा, दादा? २००८ साल. ३६ तुकडे, गाण्याचा एक शब्द नाही. पहिले ९ फुकट, सगळे मिळून पाच डॉलर. 'सोशल नेटवर्क'चे दोन तुकडे त्यातल्याच रचनांवरून केलेत. म्हणजे फिंचरनं सिनेमासाठी विचारायच्या आधीच गडी त्या वाटेला लागला होता. ('घोस्ट्स'मधल्याच एका तुकड्याच्या बॅन्जोवर लिल नास एक्सचं 'ओल्ड टाउन रोड' हे गाणं उभं राहिलं. १९ आठवडे अमेरिकेत पहिला नंबर! कुठला माल कुठं खपेल, नेम नाही.)

परळी_थर्मल
तुम्ही दोघं भलत्याच गोष्टीवर काहून भांडायलात? फिंचरनं विचारलं तेव्हा रेझनर आधी नाही म्हणाला होता, लई दमलो म्हणून. आपल्या बीडच्या एखाद्या पोराला असं कुणी विचारलं तर ते नाही म्हणंल का? नकार द्यायलाही आधी नाव कमवावं लागतं.

माझ्या भाच्यानं जालन्याच्या रोलिंग मिलमधला आवाज मोबाईलवर धरला. लालभडक सळई रोलमधून सुटून कूलिंग बेडवर, म्हणजे गार व्हायच्या जागेवर, आपटते, तो. त्याची गती पार कमी केली आणि खाली तानपुऱ्यासारखा एकच स्वर धरून ठेवला. माझ्या अंगावर काटा आला. माझी बहीण आतून म्हणाली, "मोटार जळाली काय रे?" इकडं इलेक्ट्रॉनिक म्हटलं की लोकांना गणपतीतला डीजेच दिसतो. तर भाचा सध्या लग्नाच्या व्हिडिओंना गाणी जोडून देतोय.

गोदाकाठ_नांदेड
परळीकर, तुम्ही माझीच बाजू मांडलीत. भाचा पोटासाठी लग्नं करतो आणि मिलचा आवाज स्वतःसाठी ठेवतो. रेझनरनं ती मधली भिंतच पाडली.

जालन्याचा_भोंगा
पाडली, आणि बरं केलं. रॉस २०१६ पासून बँडचाच आहे. २०२५ च्या 'ट्रॉन: एरीस' सिनेमाचं संगीत तर या दोघांच्या नावांवर नाही, थेट नाइन इंच नेल्सच्या नावावर आहे. गातोयही. वरात म्हणत होतात ना, आता नवरदेवाच्या जागी बँडच बसलाय.

गोदाकाठ_नांदेड
पोस्टरवर ते नाव खपतं म्हणून! पण ऐकतो. आशा मात्र ठेवू नका. परळीकर, भाच्याचं ते रेकॉर्डिंग टाका आधी.

परळी_थर्मल
विचारलं त्याला. पाठवतो म्हणाला, पण मोबाईलच्या स्पीकरवर ऐकायचं नाही अशी अट आहे. खालचा स्वर त्यात येतच नाही म्हणे.