रीफ टँकमध्ये तांबूस चपटे किडे, औषध सरळ टाकू का?

प्रश्न: २०० लिटरचा रीफ टँक (प्रवाळांचा खाऱ्या पाण्याचा टँक). वाळूवर, काचेवर तांबूस चपटे किडे पसरलेत, शेपटीला टोकं आहेत. फ्लॅटवर्म एक्झिट हे चपट्या किड्यांचं औषध लगेच टाकलं तर चालेल?

उत्तर १: घाई नको! मरताना हे विष सोडतात, मासे त्यानेच दगावतात. दिवे चालू असताना ते उजेडाला येतात, तेव्हा एअरपंपाच्या बारीक नळीने रोज ओढून काढा. संख्या घटली की फिल्टरमधला कार्बन (पाणी शुद्ध करणारा कोळसा) काढून बाटलीवरचा डोस द्या. पाऊण तासाने ताजा कार्बन घाला, ५० लिटर पाणी बदला. ते खारं पाणी आधीच तयार हवं, क्षारता-तापमान जुळवलेलं.

उत्तर २: सिक्सलाइन रॅस हा मासा हे किडे कधी खातो, कधी ढुंकूनही बघत नाही. त्याच्या भरवशावर राहू नका.

उत्तर ३: अ‍ॅक्रोपोरा या प्रवाळावर गोल फिकट चावे असतील तर किडा वेगळा. डिपने (प्रवाळ औषधाच्या पाण्यात बुडवून) त्याची अंडी मरत नाहीत. ती ब्लेडने खरवडा आणि डिप दर आठवड्याला, ५-६ आठवडे.