बारावीनंतर मर्चंट नेव्ही: कोल्हापूरच्या पोरांनी जावं का?

शिरोलीकर
थोरल्या बहिणीचा मुलगा यंदा बारावी सायन्सला आहे. त्याला बोटीवर जायचंय. भावजींचा नकार. त्यात शहरातला एक एजंट घरी येऊन गेला, ‘४ लाख द्या, सहा महिन्यांत बोटीवर चढवतो’ म्हणाला. माझं मत असं की पोरगं जावं, पण एजंटाला रुपयाही देऊ नये. आमच्या फाउंड्रीतलं कास्टिंग न्हावा-शेव्यातनं परदेशी जातं, कंटेनरला सील लागतं तेव्हा मी स्वतः उभा असतो. पंचगंगेत पोहायला शिकलेल्या पोरानं समुद्राला का भ्यावं? तुम्हाला काय वाटतं?

रंकाळाकाठ
दादा, पोहता येण्याचा इथं संबंध नाही. माझे दीर २०१९ च्या शेवटी जहाजावर गेले, नऊ महिन्यांचा करार होता. कोविडमध्ये बंदरं माणसं उतरवून घेईनात, पंधरा महिने तिकडंच गेले. सासरे वारले तेव्हा ते भर समुद्रात होते. अग्नी पुतण्यानं दिला. घरी आले तर दोन वर्षांची लेक माझ्या पदराआड लपली. पगार चांगला होता, नाही म्हणत नाही. पण माझ्या मुलाला मी पाठवणार नाही.

कागलचा इंजिनीअर
वहिनी, तुमचं दुःख खरं आहे. पण कोविडवरून सगळी लाइन तोलू नका. मी मेकॅनिकल करून जीएमईतनं, म्हणजे पदवीधर इंजिनीअरांच्या मरीन कोर्समधनं गेलो, आज थर्ड इंजिनीअर आहे. ऑफिसरचा करार बहुधा चार-सहा महिन्यांचा. इंजिन रूममध्ये चाळीस डिग्रीच्या वर उकाडा, कानाला मफ, चार तास वॉच म्हणजे पहाऱ्याची ड्युटी, आठ तास सुटी. कष्ट आहेत, पण उद्यमनगरात लेथवर बारा तास उभं राहणाऱ्याला ते नवे नाहीत.

शिरोलीकर, भाच्याला डीएनएस (जहाज चालवायच्या बाजूचा डिप्लोमा) करायचं असेल तर पीसीएमला (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) ६० टक्के, इंग्रजीला ५० टक्के आणि आयएमयूची, म्हणजे इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची सीईटी लागते. वर्षभराचा कोर्स, मग कॅडेट म्हणजे शिकाऊ म्हणून १८ महिने सी टाइम (प्रत्यक्ष बोटीवरचा काळ), त्यानंतर सेकंड मेट या ऑफिसरपदाची परीक्षा. खरी मेख त्या १८ महिन्यांत आहे. जहाज कंपनीची स्पॉन्सरशिप (कोर्सनंतर बोटीवर घ्यायची हमी) नसेल तर कोर्स करूनही पोरं बोटीची वाट बघत घरी बसतात. फी भरायच्या आधी स्पॉन्सरशिप मिळवा.

गडहिंग्लजकर
नियम तुमच्यासारख्या शिकलेल्यांना कळतात हो. आमच्या भावकीतल्या पोराच्या बापानं ऊसबिलाचे पैसे एजंटाला मोजले. पोरगं व्हिजिट व्हिसावर आखातात पोचलं. बोट नांगर टाकून उभी, पगार नाही, पासपोर्ट दुसऱ्याच्या ताब्यात. चार महिन्यांनी परत आलं ते काटकुळं होऊन. या लाइनीत पाऊल टाकायचं तर मुंबईत ओळख लागते, ती आपल्याकडं कुणाची आहे? त्यापेक्षा इथंच डिप्लोमा करू दे.

कागलचा इंजिनीअर
ओळख नाही, माहिती लागते. बोटीवर माणसं भरणाऱ्या एजंटाकडं नौवहन महासंचालनालयाचं आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचं लायसन पाहिजे, आणि २०१६ च्या नियमांनुसार नोकरी लावायचे पैसे खलाशाकडून घेता येत नाहीत. लायसनची यादी महासंचालनालयाच्या वेबसाइटवर आहे. ‘पैसे द्या, चढवतो’ म्हणणारा माणूस तिथंच नापास. आणि व्हिजिट व्हिसावर बोट धरायला कधी जायचं नाही, विषय संपला.

राजारामपुरी७
बोटीवरच कशाला? वाढवण बंदराची पायाभरणी २०२४ च्या ऑगस्टात झाली, जयगड तर रत्नागिरीतच आहे. क्रेन, कस्टम क्लिअरन्स, यार्ड प्लॅनिंग, सगळी कामं जमिनीवरची.

गडहिंग्लजकर
वाढवण उभं राहीपर्यंत पोराचं वय थांबणार हाय व्हय?

शिरोलीकर
कालच भाच्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. डेकसाठी, म्हणजे जहाज चालवायच्या कामासाठी नजर आणि रंग दोन्ही तपासतात, हे एका जुन्या खलाशानं सांगितलं होतं. रंगीत ठिपक्यांच्या पुस्तकातले आकडे त्यानं न अडखळता वाचले. शेवटच्या पानापर्यंत मीच श्वास धरून होतो. एजंटाला आज फोन करून लायसन नंबर मागितला. ‘भेटून बोलू’ म्हणाला. मी नको म्हणून ठेवला. भावजी अजून राजी नाहीत, पण सीईटीचा फॉर्म भरायला हरकत नाही, एवढं म्हणालेत. वहिनी, तुमच्या दिरांशी त्याला एकदा फोनवर बोलू द्याल का?

रंकाळाकाठ
देईन. वाईट काय होतं तेही ते लपवणार नाहीत.