चेटकिणींचे खटले आणि फ्रीडरिश श्पे

कॅथलिक चर्चच्या चुका नेहमी बाहेरच्यांनीच दाखवल्या, आतले सगळे गप्प बसले, असं म्हटलं जातं. मला ते पटत नाही. इथे फ्रीडरिश श्पे या जर्मन जेझुइट (कॅथलिक चर्चमधला एक धर्मसंघ) पाद्र्याचं नाव यायलाच हवं.

सतराव्या शतकात जर्मन प्रदेशांत हजारो लोकांना, त्यात बहुतांश बायकांना, चेटूक केल्याच्या आरोपावरून मारलं गेलं (प्रॉटेस्टंट भागांतही). छळ करून कबुली घ्यायची आणि तोच पुरावा धरायचा. पाखंडींच्या (चर्चची शिकवण न मानणाऱ्यांच्या) चौकशीत छळाला पोप चौथा इनोसंट यानेच १२५२ साली परवानगी दिली होती. ती जबाबदारी चर्चला झटकता येत नाही.

श्पेने १६३१ साली याविरुद्ध लॅटिनमध्ये पुस्तक छापलं, तेही निनावी. त्याचा सवाल बिनतोड होता: कबूल केलं तर मरण, नाकारलं तर पुन्हा छळ, मग निर्दोष बाईने सुटायचं कसं? असाच छळ झाला तर पाद्री आणि न्यायाधीशही चेटके ठरतील, हे त्याने स्पष्ट लिहिलं. त्याच्याच संघातले काही जण त्याच्यावर उलटले. १६३५ मध्ये ट्रियर या जर्मन शहरात आजारी सैनिकांची शुश्रूषा करताना साथीची लागण होऊन तो वारला.

चर्चवर टीका जरूर करा, पण तिच्यात श्पेलाही जागा द्या.