व्हिंटेज शॅम्पेन: २००१ शोधायची, की दुसरं साल घ्यायचं?

टॉवेलवाली, सोलापूर

नमस्कार मंडळी. येत्या डिसेंबरात आमच्या लग्नाला २५ वर्षं होतात. लग्न २००१ चं. अक्कलकोट रोडला आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. एवढ्या वर्षांत कारखाना, मुलांची शिक्षणं, सासूबाईंचं आजारपण हेच चालू होतं, दोघांसाठी म्हणून कधी काही घेतलं नाही. यांना मात्र फार वर्षांपासून एकदा खरी शॅम्पेन चाखायची इच्छा आहे. नाशिकची स्पार्कलिंग वाइन आम्ही दोन-तीनदा घेतलीय, आवडतेही. यावेळी फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतातलीच हवी आणि बाटलीवर साल हवं.

भाचा पॅरिसला नोकरीला आहे, नोव्हेंबरअखेर येतोय. त्याने तिथल्या दुकानातली यादी पाठवलीय: पोल रोजे २०१५, मोएट ग्रँड व्हिंटेज २०१५, बोलँजे ला ग्रांद आने २०१४, तेतँजे कोंत द शाम्पाञ २०१३ आणि दॉम पेरिन्यों २०१३. दोन बाटल्या घ्यायच्यात, दोन्ही मिळून ३०० युरोच्या आत. २००१ ची कुठे मिळते का बघ, असं मी त्याला सांगितलंय. घरात त्या दिवशी अकरा माणसं असतील. काय घेऊ? आणि आपल्या सोलापुरात ठेवायची कशी?

पुण्याहून, वाइनप्रेमी

वहिनी, आधी अभिनंदन. २००१ चा नाद सोडा. शॅम्पेनमध्ये साधारणपणे वेगवेगळ्या सालांची वाइन मिसळून बाटली भरतात, म्हणून बहुतेक बाटल्यांवर साल नसतंच. एखादं साल स्वतःच्या बळावर उभं राहण्याइतकं चांगलं निघालं, तरच त्याची व्हिंटेज काढतात. २००१ ला तिथे तोडणीच्या वेळी पावसाने घात केला आणि जवळपास कोणीच ते साल काढलं नाही. कुठे सापडली तरी लग्नाचं साल आहे एवढ्यापुरतीच ती खास असेल.

माझं मत बोलँजेला. त्यांची ही वाइन ओकच्या जुन्या पिंपांत आंबवतात आणि तळघरातली सगळी वर्षं बाटलीला पत्र्याच्या झाकणाऐवजी बूच असतं. चव भरदार, पोट भरल्यासारखी. घरात मटण असेल तर तीच घ्या.

नान्नजकडचा बागायतदार

ताई, मी द्राक्षवाला माणूस. वाइनचा जाणकार नाही, पण तुमच्या यादीतल्या एका सालाच्या बागेत मी स्वतः उभा राहून आलोय, म्हणून लिहितो.

२०१३ च्या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही काही बागायतदार शॅम्पेनमधल्या एपर्ने शहराच्या खालच्या अंगाला आव्हीझ गावात होतो. इकडे घरी माझी ऑक्टोबर छाटणी चाललेली आणि तिकडे लोक अंगात स्वेटर घालून घड उतरवत होते. एरवी त्यांची तोडणी सप्टेंबरात उरकते. त्या वर्षी वसंतातच थंडी लांबली, फुलोरा उशिरा आला. फुलोऱ्यापासून शंभरेक दिवस धरा, म्हणजे तोडणी ऑक्टोबरात गेलीच. मी शार्दने द्राक्षाचे चार मणी तोंडात टाकले. गोडी आपल्या सोनाका द्राक्षापेक्षा कमी, आणि दात असे आंबले की दुपारी पाव चावता येईना. मनात म्हटलं, असला माल आपल्याकडे व्यापारी हातात धरणार नाही. पण तिथला शेतकरी खुशीत होता. हा आंबटपणाच वाइनला दहा-पंधरा वर्षं उभी धरतो, असं त्याने सांगितलं.

पायाखालची माती उकरली तर चक्क खडू. बोटं पांढरी झाली, शाळेत फळा पुसल्यासारखी. तो खडू पावसाचं पाणी धरून ठेवतो आणि उन्हाळ्यात मुळांना थोडं थोडं देतो. घड हातानेच तोडायचे, असा तिथे नियमच आहे. मग प्रेसमध्ये ४००० किलोचा एक भार टाकतात. त्यातून पहिला २०५० लिटर रस निघतो तो खरा, पुढचे ५०० लिटर वेगळे ठेवतात. एवढ्या द्राक्षातून एवढाच रस घेतात, हे बघून आमच्यातले दोघे हिशोब मांडत बसले होते. मी नुसता बघत राहिलो.

तुमच्या यादीतली कोंत द शाम्पाञ नुसत्या शार्दनेची असते, आणि ती ज्या गावांतून येते त्यांत आव्हीझ आहे. व्हिंटेजला तळघरात किमान ३ वर्षं ठेवावंच लागतं, ही दहाच्या आसपास वर्षं यीस्टच्या गाळावर झोपलेली असते. म्हणून तिला भाजलेल्या शेंगदाण्याचा, लोण्याचा वास येतो आणि मागून लिंबासारखी धार. दॉम पेरिन्यों २०१३ पण उत्तमच, पण ती घेतली तर नावाचे पैसे बरेच जातात आणि दुसऱ्या बाटलीला हात आखडतो. मी एक कोंत २०१३ घेईन, तुम्हा दोघांसाठी.

दुसरी पोल रोजे २०१५. ते साल तिकडे उन्हाचं आणि कोरडं गेलं. वाइन गोलसर, लवकर तयार होणारी. काही जणांना २०१५ मध्ये हिरवट चव लागते, म्हणून जाणकार २००८ आणि २०१२ ला वरचं मानतात. २०१२ मिळाली तर डोळे मिटून घ्या. त्या वर्षी गारपीट, थंडी, केवडा रोग सगळं झेलून थोडाच माल हाती लागला, पण ऑगस्टात ऊन पडलं आणि राहिलेला माल सोन्यासारखा झाला. आपणही असं एखादं साल बघितलेलं असतं.

२०१४ ला तिथे सुझुकी माशीने काळ्या द्राक्षाचं नुकसान केलं. बोलँजेवाले निवडून घेतात, त्यांची बाटली वाईट नसणार. पण पुण्याच्या दादांना एवढंच सांगतो, काळ्या मसाल्याच्या रश्शापुढे कुठलीच शॅम्पेन टिकत नाही. आधी खारे शेंगदाणे, कांदाभजी किंवा तळलेले मासे घ्या, वाइन संपवा, मग जेवायला बसा. शेंगापोळीबरोबर तर अजिबात नको, गोडापुढे ब्रूट, म्हणजे कमी साखरेची शॅम्पेन, नुसती आंबट लागते.

होटगी रोड

ठेवण्याबद्दल माझा अनुभव. मावसभावाने दिलेली बाटली चांगल्या दिवसासाठी म्हणून मी माळ्यावर ठेवली. मध्ये एक मे महिना गेला. दिवाळीत उघडली तेव्हा बूच आवाज न करता निघालं, रंग चहासारखा आणि वास शिळ्या सफरचंदाचा. मला अजून वाईट वाटतं. एप्रिलच्या आत पिऊन टाका. तोवर फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात आडवी ठेवा, दारात नको. दारात हिंदकळते आणि उजेडही लागतो.

आणि ताई, महाराष्ट्रात पिण्याचा परवाना लागतो, दोघांचा काढून घ्या.

टॉवेलवाली, सोलापूर

दादा, तुमचं वाचून ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. दात आंबल्याचं ऐकून म्हणाले, हीच घ्यायची. कोंत २०१३ आणि पोल रोजे २०१५ नक्की केलं. एकच विचारायचं राहिलं: अकरा जणांना पुरेल का, आणि बूच उडवायचं का?

नान्नजकडचा बागायतदार

एका बाटलीत सहा ग्लास होतात, तेही पाऊण भरून. पोल रोजे सगळ्यांना थोडी थोडी द्या. कोंत मात्र पाहुणे गेल्यावर तुम्ही दोघांनी उघडा. तासभर घ्या. पहिल्या घोटात ती काहीच सांगत नाही, ग्लासात जरा उबदार झाली की बोलायला लागते. फ्रिजमधून काढून पंधरा-वीस मिनिटं बाहेर ठेवा, आणि उंच नळीसारख्या ग्लासऐवजी साध्या वाइनच्या ग्लासात ओता.

बूच उडवू नका. आत सहा वातावरणांचा दाब असतो, गाडीच्या टायरपेक्षा दुपटीहून जास्त. तार सोडतानाच अंगठा बुचावर घट्ट ठेवा, वरून रुमाल टाका. बूच धरून बाटली फिरवा, हळूहळू. फुस्स एवढाच आवाज आला पाहिजे.

भाच्याला सांगा, दोन लिटरपर्यंत आणता येते, तुमच्या दोन बाटल्या मिळून दीड लिटर. चेक-इनच्या बॅगेत मधोमध ठेवायला सांगा.

टॉवेलवाली, सोलापूर

कळवलं त्याला. त्याच्याकडे आमच्याच कारखान्याचे दोन मोठे टॉवेल आहेत, मागच्या वर्षी जाताना दिलेले. एकेका बाटलीला एकेक गुंडाळून आणतो म्हणाला.