मदत हवी आहे: यूएसबी माइक समोर असूनही माझा पायथन प्रोग्रॅम लॅपटॉपचाच माइक पकडतो

नमस्कार मंडळी,

माझी आजी ८४ वर्षांची आहे. जात्यावरच्या ओव्या तिला अजून तोंडपाठ आहेत आणि त्या चांगल्या आवाजात जपून ठेवायची माझी धडपड चालली आहे. मी पुण्यात, आजी गावी. मामेबहीण दर रविवारी लॅपटॉप घेऊन तिच्यापाशी बसते. बहिणीला सोपं जावं म्हणून मी साउंडडिव्हाइस ही आवाज रेकॉर्ड करायची पायथन लायब्ररी वापरून छोटा प्रोग्रॅम करून दिलाय. बटण दाबलं की रेकॉर्डिंग सुरू, परत दाबलं की बंद. विंडोज ११ आहे.

गेल्या रविवारी आजी ४० मिनिटं गायली. फाइल ऐकली तर पंख्याची घरघर आणि आजी कुठेतरी लांब, विहिरीतून बोलल्यासारखी. माइक तिच्यापासून वीतभर अंतरावर होता, पण आवाज लॅपटॉपच्या माइकने घेतला होता. बहिणीने प्रोग्रॅम आधी उघडला आणि माइक मग जोडला, एवढंच झालं होतं. आजी म्हणते, तीच ओवी परत तशी येत नाही. फार वाईट वाटलं.

चूक माझीच आहे. मी डिव्हाइसचा क्रमांक १ कोडमध्ये ठोकून ठेवला होता. माझ्याकडे चाचणी केली तेव्हा १ म्हणजे यूएसबी माइकच होता. आता यादी छापून पाहिली तर तोच माइक चार वेळा दिसतो, विंडोजमधल्या आवाज हाताळायच्या प्रत्येक पद्धतीखाली एकदा: एमएमई, डायरेक्टसाउंड, वासापी आणि डब्ल्यूडीएम-केएस. एमएमईमध्ये तर नाव ३१ अक्षरांवर तुटलेलं, शेवटचा कंससुद्धा गायब.

क्रमांकाऐवजी नाव दिलं तर एकापेक्षा जास्त डिव्हाइस सापडले म्हणून एरर येते. वासापीतला क्रमांक दिला तर ४४१०० ला -९९९७ ही एरर येते, म्हणजे तो सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा) चालत नाही. आणि प्रोग्रॅम चालू असताना माइक जोडला तर तो यादीत येतच नाही.

नेमका हाच माइक दर वेळी कसा निवडायचा? आणि प्रोग्रॅम बंद न करता यादी ताजी कशी करायची?

प्रतिसाद १

साउंडडिव्हाइसच्या पोटात पोर्टऑडिओ ही आवाज हाताळणारी दुसरी लायब्ररी आहे आणि ते सुरू होतानाच एकदा यादी बनवतं. म्हणून आधी चालू स्ट्रीम (माइककडून येणारा आवाजाचा प्रवाह) बंद करा, मग लायब्ररीतलं टर्मिनेट आणि लगेच इनिशियलाइज बोलवा. दोन्हींच्या नावाआधी अंडरस्कोर आहे, म्हणजे ती अंतर्गत फंक्शन्स आहेत, पण काम होतं.

निवडताना माइकच्या नावातला एखादा शब्द आणि त्यापुढे वासापी असं एकत्र द्या, मग एकच उरेल. ४४१०० हट्टाने देऊ नका. वासापी शेअर्ड मोडमध्ये, म्हणजे डिव्हाइस इतर प्रोग्रॅमसोबत वाटून वापरताना, विंडोजने ठरवलेलाच रेट मागते, तो डिव्हाइसच्या माहितीतून वाचून घ्या, बहुधा ४८००० असेल.

सगळ्यात महत्त्वाचं: माइक सापडला नाही तर प्रोग्रॅमने गुपचूप दुसरा घेऊ नये. बटणच बंद ठेवा आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहा, ‘माइक जोडा’.

धागाकर्ता

मनापासून आभार! तिन्ही बदल केले आणि आवाजाची हिरवी पट्टीही टाकली. आत्ताच बहिणीला फोन करून करायला लावलं. माइकच्या जाळीवर नखाने टकटक केली की पट्टी उसळते, लॅपटॉपवर केली की जागची हलत नाही. रविवारी आजीला परत बसवतोय.