झायलोज वाया जाऊ नये

पेंढ्यातील सेल्युलोज या तंतुमय पदार्थाचे ग्लुकोज करणे हाच पेंढ्यापासून साखर काढून ती आंबवण्याच्या (किण्वनाच्या) प्रक्रियेचा गाभा आहे, हे आपले म्हणणे मला अपुरे वाटते. सेल्युलोजच्या तंतूंना वेढणारे हेमिसेल्युलोज पेंढ्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण २० ते ३५ टक्के असते आणि त्यातून मुख्यतः झायलोज ही पाच कार्बनची साखर मिळते. दाणे काढून उरलेल्या मक्याच्या कणसांत तर ती विशेष भरपूर असते. झायलिटॉल हा गोड पदार्थ तिच्यापासूनच बनवतात.

खरी कसोटी पूर्वप्रक्रियेची, म्हणजे पेंढ्याचे घटक आधी सुटे करण्याच्या टप्प्याची आहे. सौम्य सल्फ्युरिक आम्लात १५० अंश सेल्सिअसच्या आसपास पेंढा तापवला की हेमिसेल्युलोज लवकर सुटते, पण तापमान किंवा वेळ थोडी जरी जास्त झाली, तर सुटलेल्या झायलोजचेच फरफ्युरल हे रसायन होऊ लागते, जे पुढे किण्वनातील यीस्टची वाढ रोखते. भांडे उघडताच गडद तपकिरी द्रावाला कडू बदामासारखा वास आला, तर साखर हातची गेली असे मी समजतो. (फरफ्युरलच हवे असेल, तर गोष्ट वेगळी.)

उरलेल्या घन भागावर ५० अंशांच्या सुमारास सेल्युलोजचे ग्लुकोज करणारी सेल्युलेज विकरे (एन्झाइम) काम करतात, मात्र पेंढ्याला कडकपणा देणारे लिग्निन त्यांना स्वतःकडे धरून ठेवते. शिवाय नेहमीचे बेकरीचे यीस्ट झायलोज आंबवू शकत नाही. म्हणून दोन्ही साखरा एकाच पात्रात ढकलण्यापेक्षा झायलोजचा द्राव आधीच वेगळा काढावा, असे माझे ठाम मत आहे.