दोन प्लेटांची डॉवेलची होलं जुळत नाहीत, मदत हवी आहे

शिरोली_मिलिंग:
मंडळी, दोन प्लेटा डॉवेलने (जागा पक्की धरणाऱ्या पिनांनी) एकमेकींवर बसवायच्या आहेत, होलं जुळत नाहीत. एक पिन बसते, दुसरी अडते. दोन्हीकडे मापं तीच घेतली आहेत. माल परवा द्यायचाय, लवकर सांगा.

टूलरूमकर:
जाडी किती? पिन केवढी? डीआरओ (टेबल किती सरकलं ते दाखवणारा डिजिटल डिस्प्ले) आहे का?

सातपूरचा_फिटर:
काही विचारायची गरज नाही. दोन्ही एकत्र क्लॅम्प करा आणि एकदम ड्रिल मारा. आम्ही वर्षानुवर्षं हेच करतो.

शिरोली_मिलिंग:
एमएस (साधं लोखंड), २० मिमीच्या दोन्ही. पिन ८ची. साधं मिलिंग, डीआरओ नाही, हँडलच्या डायलवर मोजतो. १२ जोड्या आहेत, ४ झाल्यात.

व्हीएमसी_भोसरी:
कशाला त्रास घेता? व्हीएमसीवर (कॉम्प्युटरने चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) टाका, तासाभरात विषय संपेल.

शिरोली_मिलिंग:
दादा, परवा माल द्यायचाय. बाहेर टाकून वेळेत मिळणार नाही.

टूलरूमकर:
एक बसते, दुसरी अडते म्हणजे दोन होलांमधलं अंतर चुकतंय. प्लेटच्या काठापासून माप धरण्यात चूक असती तर दोन्ही पिना गेल्या असत्या आणि प्लेटांच्या कडा पुढेमागे राहिल्या असत्या. डायलवर मोजताय म्हणजे आधी बॅकलॅश (स्क्रूमधला ढिलेपणा, हँडल फिरतं पण टेबल हलत नाही) बघा. होलावर दरवेळी एकाच बाजूने या. पुढे गेलात तर हँडल एक फेरा मागे घ्या आणि परत त्याच बाजूने या. सेंटर ड्रिल (सुरुवातीचा खड्डा करणारं आखूड ड्रिल) न मारता थेट ड्रिल लावत असाल तर तेही सरकतं.

सातपूरचा_फिटर:
म्हणूनच म्हणतो, जोडूनच मारा. आधी बोल्टची होलं करा, एम१० असेल तर ११ची, म्हणजे बोल्ट पिनांशी भांडणार नाहीत. मधला बर (होलाच्या काठावर उरलेली धातूची धार) कानशीनं काढा, नाहीतर प्लेटा टेकतच नाहीत. काठ जुळवून बोल्ट कसा, मग ७.८चं ड्रिल आणि ८ एच७ रीमर (होल नेमक्या मापाचं करणारं हत्यार) दोन्हीतून आरपार. ४० मिमी खोलीत ड्रिल थोडं वाकलं तरी दोन्ही प्लेटांची होलं जोडावर जुळूनच राहतात.

व्हीएमसी_भोसरी:
आणि पुढे पार्टीला एकच प्लेट बदलायची झाली तर? जोडून मारलेली प्लेट दुसऱ्या जोडीत बसत नाही.

सातपूरचा_फिटर:
म्हणून तर जोडीवर नंबर पंच मारायचा. प्रत्येक कामाला अदलाबदल लागत नाही, भाऊ.

कोकणी_वर्कशॉप:
प्लेटा पडून राहणार असतील तर तेलाचा हात फिरवा. पावसाळ्यात एमएस एका रात्रीत लाल पडतं.

शिरोली_मिलिंग:
पार्टीला विचारलं, अदलाबदल नको म्हणाले. उरलेल्या ८ जोडून मारतो. झालेल्या ४चं काय? नवीन प्लेटा मिळणार नाहीत. फरक साधारण ०.३ मिमी आहे.

सातपूरचा_फिटर:
जागा असेल तर जुन्या होलाच्या शेजारी नवीन मारा.

टूलरूमकर:
पार्टी तयार असेल तरच. नाहीतर पिन १०ची करा. पण थेट ९.८चं ड्रिल घालू नका, ते जुन्या होलाच्या मागे जातं. काठ जुळवून, बोल्ट कसून आधी ९ची लांब एंडमिल (मिलिंगचं कटर, ड्रिलसारखं जुन्या होलाच्या मागे जात नाही) हळूहळू खाली उतरवा, म्हणजे भोक सरळ होईल. मग ९.८चं ड्रिल, मग १०चा रीमर. एक पिन बसवून दुसरं होल करा, मध्ये प्लेट हलायला नको. आणि १०ची पिन चालेल का, हे पार्टीला आजच विचारून घ्या.

शिरोली_मिलिंग:
विचारलं, चालेल म्हणाले. १०चा रीमर आहे. ९ची लांब एंडमिल सकाळी दुकान उघडलं की आणतो.